लेकीचा वांटा

बीड जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांत घरचा कर्ता पुरुष वारला, कीं त्याच्या दिवसकार्याबरोबरच एका कागदाची तयारी सुरू होते. सासरीं नांदणाऱ्या लेकी दहाव्या-तेराव्यासाठीं माहेरीं आलेल्या असतात. त्या परत जाण्यापूर्वीं त्यांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन ठेवावे, म्हणजे पुढें हेलपाटे नकोत, असा विचार कोणी तरी वडीलधारा माणूस काढतो. या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. त्याचा मजकूर बहुधा ठराविक असतो. लग्नांत वडिलांनीं खर्च केला आहे, दागिना घातला आहे, आतां वडिलोपार्जित मिळकतींत कांहीं घ्यावयाचें उरलें नाहीं, आणि हें सर्व राजीखुषीनें लिहून दिलें आहे, असा त्याचा आशय. राजीखुषीनें हा शब्द त्यांतून सहसा गळत नाहीं. ज्या कागदांत राजीखुषीचा उच्चार इतक्या अगत्यानें करावा लागतो, त्याच्याकडे दोनदां पाहिलेलें बरें.

त्या कागदावर ती बाई ज्या हक्कावर पाणी सोडते, तो मुळांत आहे तरी केवढा? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. २००५ सालीं कायदा बदलला, आणि त्या बदललेल्या कायद्याचा अर्थ काय यावर उच्च न्यायालयांत व सर्वोच्च न्यायालयांत पुढें पंधरा वर्षें एकास एक न जुळणारे निवाडे होत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं तो वाद मिटविला. तेव्हांपासून लेकीचा वांटा किती, हें निश्चित झालें आहे. तो तिच्या पदरीं पडतो कीं नाहीं, ही गोष्ट निराळी.

या वादाचें मूळ शोधावयास बीडच्या माणसाला फार दूर जावें लागत नाहीं. हिंदूंच्या वांटणीचा व वारसाचा जो जुना कायदा बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानांत चालला, त्याचा आधार म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. हा विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयास, कल्याण येथें होता. तें कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बिदर जिल्ह्याचें बसवकल्याण. १९५६ पर्यंत बीड व बिदर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानांत, व पुढें त्याच नांवाच्या राज्यांत, नांदत होते. मुंबई इलाख्यांत मिताक्षरेच्या जोडीला ज्या व्यवहारमयूखाला मान होता, त्याचा कर्ता नीलकंठभट्ट काशींत राहिला, परंतु त्याचें घराणें मूळचें पैठणचें. पैठण गोदावरीकांठीं, आणि बीड जिल्ह्याची उत्तर सीमा हीच गोदावरी. सारांश, लेकीबाळींचे वांटे ठरविणारे हे दोन्ही ग्रंथ या भागाला परके नव्हते.

मिताक्षरेचा सिद्धांत असा, कीं वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप, मुलगा, नातू व पणतू यांचा मिळून एक गट होतो. कायद्याच्या भाषेंत हे सहदायाद. त्यांपैकीं एक वारला तर त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे न जातां मागें उरलेल्या सहदायादांत विरून जातो. बंगालचा जीमूतवाहन आपल्या दायभागांत हें मानीत नाहीं. त्याच्या मतें बाप जिवंत असेपर्यंत मुलाला कांहीं हक्कच नाहीं. पण मुलीच्या दृष्टीनें पाहिलें तर मिताक्षरेच्या गटाला दारच नव्हतें. तिला लग्नापर्यंत पोसावी, तिचें लग्न करून द्यावें, एवढाच तिचा हक्क. मयूखकारांनीं बहिणीला वारसांच्या क्रमांत इतरांपेक्षां वरचें स्थान दिलें, व मुंबई इलाख्यांत मुलीला मिळालेली मिळकत पूर्ण मालकीची धरली जाई, हें खरें. परंतु हें सारें मुलगा नसेल तर. मुलगा असला, कीं त्या औदार्याचा प्रसंगच येत नसे.

डॉक्टर आंबेडकरांनीं कायदेमंत्री या नात्यानें जें हिंदु कोड बिल पुढें चालविलें, त्यांत जन्मसिद्ध हक्काची ही पद्धतच मोडावयाची होती. तें बिल रखडलें आणि १९५१ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. पुढें १७ जून १९५६ पासून हिंदु वारसा कायदा अमलांत आला. बीड त्या दिवशीं अद्याप हैदराबाद राज्यांत होतें. साडेचार महिन्यांनीं, १ नोव्हेंबरला, तें मुंबई राज्यांत आलें. या कायद्यानें बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलीला मुलाबरोबरीनें वारस केलें, आणि स्त्रीला मिळालेल्या मिळकतीवर तिची संपूर्ण मालकी मान्य केली. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाहि तो लागू आहे. मुसलमान कुटुंबांतील मुलीचा वांटा त्यांच्या स्वतंत्र कायद्यानें ठरतो, व तो भावाच्या निम्मा असतो. परंतु शेतकऱ्याची जमीन बहुधा वडिलोपार्जित असते, आणि तेथें मिताक्षरेचा गट १९५६ नंतरहि तसाच राहिला. फक्त एक पळवाट काढण्यांत आली. सहदायाद वारला आणि त्याला मुलगी किंवा पत्नी असली, तर तो मरण्याच्या क्षणभर आधीं वांटणी झाली असें मानावयाचें, आणि त्या मानीव वांटणींत त्याला जो हिस्सा आला असता तेवढाच वारसांत वांटावयाचा.

या मानीव वांटणीचा हिशेब सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं एका महाराष्ट्रीय कुटुंबाच्या खटल्यांत करून दाखविला. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम असें त्या खटल्याचें नांव. खंडाप्पा मगदूम १९६० सालीं वारले. मागें पत्नी हिराबाई, दोन मुलगे व तीन मुली होत्या. हिराबाईंनीं सांगलीच्या दिवाणी न्यायालयांत वांटणीचा दावा लावला आणि चोविसांपैकीं सात हिस्से मागितले. खालच्या न्यायालयानें त्यांना चोविसावा हिस्सा दिला, उच्च न्यायालयानें मागितले तेवढे दिले, आणि सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीं लिहिलेल्या निवाड्यानें उच्च न्यायालयाचें म्हणणें कायम झालें. विधवेच्या हक्कासाठीं हा निवाडा फार मोलाचा ठरला. तेथें भांडण आईच्या वांट्याचें होतें. मुलींच्या वांट्याबद्दल कोणाचा वादच नव्हता. पण त्या हिशेबांत मुलींच्या पदरीं काय पडलें, तें पाहण्यासारखें आहे.

ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठीं अशा कुटुंबाची २४ एकर जमीन धरूं. मानीव वांटणी होते ती बाप, आई व दोन मुलगे अशा चौघांत, म्हणजे प्रत्येकाला ६ एकर. मग बापाचे ६ एकर त्याच्या सहा वारसांत वांटावयाचे. ते आई, दोन मुलगे व तीन मुली. त्यांतून प्रत्येकाला १ एकर. आतां बेरीज करावी. आईला ७ एकर, प्रत्येक मुलाला ७ एकर, आणि प्रत्येक मुलीला १ एकर. कायद्याच्या पुस्तकांत मुलगी व मुलगा हे सारखे वारस, आणि बांधावर एकास सात! ज्यांना जुना हिशेब सवयीचा आहे त्यांनीं तो रुपया-आण्यांत करून पाहावा; सोळा आण्यांत आईला व मुलांना प्रत्येकीं चार आणे आठ पै, आणि लेकीला नुसत्या आठ पै.

ही विषमता दक्षिणेकडील राज्यांना आधीं खटकली. आंध्रानें १९८५ च्या सप्टेंबरपासून मुलीला जन्मतः सहदायाद केलें, तामिळनाडूनें १९८९ मध्यें, आणि महाराष्ट्राचा कायदा २२ जून १९९४ पासून आला. पण महाराष्ट्राच्या कायद्यानें एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें बरेंचसें काढून घेतलें. त्या तारखेपूर्वीं जिचें लग्न झालें असेल तिला हा कायदा लागू नव्हता. ज्या जिल्ह्यांत मुलीचें लग्न लवकर उरकण्याची रीत, तेथें १९९४ सालीं जाणत्या वयाची पण अविवाहित अशी मुलगी किती घरांत सांपडणार? बीडच्या बहुतेक आयाबहिणींना तो कायदा एखाद्या आगगाडीसारखा, न थांबतां पुढें निघून गेला.

शेवटीं केंद्राचा दुरुस्ती कायदा आला, तो ९ सप्टेंबर २००५ पासून. त्यानें लग्न झालेली व न झालेली हा भेद टाकला. सहदायादाची मुलगी जन्मतःच, मुलाप्रमाणेंच, सहदायाद होते. मिळकतींत तिचा हक्क तेवढाच आणि कर्जांत तिची जबाबदारीहि तेवढीच. राहत्या घराची वांटणी भावांनीं मागितल्याशिवाय बहिणीला मागतां येत नसे, तें बंधनहि गेलें. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वीं जी वांटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तिला हात लावावयाचा नाहीं, असें ठरलें. आणि वांटणी म्हणजे नोंदलेला दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, अशी तिची व्याख्याहि करून ठेवण्यांत आली.

एवढें स्पष्ट लिहिल्यावर वाद कशाला उरावा? पण उरला, आणि तो एका साध्या प्रश्नावर. ९ सप्टेंबर २००५ पूर्वीं जन्मलेल्या मुलीचें काय, आणि त्या दिवसापूर्वीं बाप वारलेला असेल तर काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानें २०१२ सालीं फारच आंखूड अर्थ केला. त्याप्रमाणें त्या तारखेआधीं जन्मलेल्या बहुतेक मुली बाहेरच राहिल्या असत्या. दोन वर्षांनीं, १४ ऑगस्ट २०१४ रोजीं, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानें बद्रीनारायण भंडारी यांच्या प्रकरणांत तो अर्थ चुकीचा ठरविला व सांगितलें, कीं मुलगी केव्हां जन्मली हें पाहावयाचें नाहीं, त्या दिवशीं ती हयात असली म्हणजे पुरे. महाराष्ट्रापुरता प्रश्न सुटला असें वाटतें न वाटतें, तोंच १६ ऑक्टोबर २०१५ रोजीं प्रकाश विरुद्ध फुलवती या कर्नाटकांतील खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं नवी अट घातली. त्या दिवशीं मुलगीहि हयात पाहिजे आणि बापहि हयात पाहिजे. पुढें १ फेब्रुवारी २०१८ रोजीं, पुन्हां कर्नाटकांतीलच एका प्रकरणांत, दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनीं २००१ सालीं वारलेल्या बापाच्या मुलींना भावांइतका वांटा दिला. एकाच न्यायालयाचे हे दोन निवाडे शेजारीं ठेवले, तर खालच्या न्यायाधीशानें कोणता मानावा? गांवच्या वकिलाला तर दोन्ही उपयोगी पडत. पक्षकार भाऊ असला कीं पहिला, बहीण असली कीं दुसरा.

२०२० च्या निवाड्यानें हा गुंता सोडविला, तो मिताक्षरेच्याच तत्त्वाचा आधार घेऊन. हें त्या निवाड्यांतील सर्वांत मार्मिक स्थळ म्हणावें लागेल. मुलाचा हक्क जन्मानें येतो, बापाच्या मरणानें नाहीं. मग मुलीला तोच हक्क दिल्यावर बाप त्या दिवशीं जिवंत होता कीं नाहीं हें विचारण्याचें कारण काय? जो हक्क मरणावर अवलंबून नाहीं त्याला मरणाची तारीख आडवी येऊं शकत नाहीं. बाप केव्हांहि वारलेला असो, मुलगी ९ सप्टेंबर २००५ रोजीं हयात असली आणि तोंवर कुटुंबाची वांटणी रीतसर झालेली नसली, कीं ती भावाइतक्याच हिश्शाची धनीण. मागें सांगितलेल्या मानीव वांटणीला खरी वांटणी समजूं नये, तेवढ्यानें कुटुंब विभक्त होत नाहीं, असेंहि न्यायालयानें सांगितलें. मगदुमांच्यासारख्याच कुटुंबाच्या त्याच २४ एकरांचा हिशेब आज नव्यानें केला, तर बाप, आई, दोन मुलगे व तीन मुली अशा सात जणांत वांटणी धरावी लागेल, आणि बापाचा सातवा हिस्सा पुन्हां सहा वारसांत जाईल. शेवटीं सहाहि जणांना सारखे ४ एकर येतात. लेकीचा एक एकर चारांवर गेला. मुलाचे सात चारांवर आले. वर्तमानपत्रांतील मथळ्यांपेक्षां हा आंकडा अधिक बोलका आहे, कारण भावाच्या मनांत काय चालतें तेंहि त्यांतच आहे.

दुसरी एक गोष्ट या निवाड्यानें निक्षून सांगितली, आणि ती मराठवाड्याला विशेष लागू पडते. बहिणीनें दावा लावला कीं भावांकडून उत्तर येतें : वांटणी पूर्वींच झाली आहे, तोंडी झाली, वडिलांच्या हयातींत पंचांसमक्ष झाली. बीडमध्यें अशा वेळीं १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकापासून जुन्या फेरफारांच्या नकलांपर्यंत बरेच कागद बाहेर निघतात. कांहीं त्याहून जुने, निजामाच्या अमदानींतले, उर्दूंत लिहिलेले. न्यायालयाचें म्हणणें असें, कीं तोंडी वांटणीची सबब सहजासहजीं मानावयाची नाहीं. त्या काळच्या सरकारी कागदांनीं ती पक्की शाबीत होत असेल, आणि जणू हुकूमनाम्यानें झाली असावी इतकी ती उघड असेल, तरच अपवाद करावयाचा. नुसत्या तोंडच्या साक्षीवर लेकीचा जन्मसिद्ध हक्क बुडवूं नये. याच निवाड्यानें देशभर अडकून पडलेले असले दावे शक्य तों सहा महिन्यांत निकालांत काढावे, असेंहि सुचविलें होतें. दिवाणी न्यायालयाची पायरी ज्यांनीं चढली आहे त्यांना त्या सहा महिन्यांचें मोल सांगावयास नको.

या निवाड्याचा अर्थ मात्र कोणी वाटेल तेवढा ताणूं नये. जेथें वारसा १७ जून १९५६ पूर्वींच उघडला, तेथें जुना कायदाच चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें असें एक प्रकरण निकालांत निघालें. बाप १९५२ सालीं वारला होता व मागें दुसरी पत्नी आणि दोन्ही पत्नींच्या मुली होत्या. पहिल्या पत्नीच्या मुलीकडून मागितलेला अर्धा वांटा न्यायालयानें नाकारला, कारण त्या वेळच्या कायद्याप्रमाणें मिळकत विधवेकडे गेली, आणि १९५६ च्या कायद्यानें ती तिची पूर्ण मालकीची झाली. याच्या उलट, जानेवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूच्या एका प्रकरणांत, जेथें मागें मुलगा नव्हता, विधवाहि नव्हती, एकटी मुलगीच होती, तेथें स्वकष्टार्जित मिळकत जुन्या कायद्यानेंहि मुलीकडेच जाते असें सांगितलें. दोहोंत विरोध नाहीं. मागें कोण उरलें, यावर दोन्हींचा निकाल ठरला. आणखी एक मर्यादा आहे, व ती व्यवहारांत सर्वांत मोठी. आपला हिस्सा मृत्युपत्रानें हवा त्याला देण्याची बापाला मोकळीक आहे. ज्या बापाला लेकीला वगळावयाचेंच आहे, त्याच्या हातांत तेवढा कागद कायद्यानें ठेवलेला आहे.

बीडच्या पक्षकाराला हे निवाडे मिळवावयासहि पूर्वीं फार लांब जावें लागे. १९५६ पर्यंत वरचें न्यायालय हैदराबादेस. त्यानंतर पंचवीस वर्षें मुंबईस. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती औरंगाबाद येथें, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, बसूं लागले. मुख्य न्यायमूर्तींना असा आदेश काढण्याचा अधिकार आहे कीं नाहीं यावर स्वतः उच्च न्यायालयांतच दावा झाला, तेथें तो आदेश रद्द ठरला, आणि १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हां उभा केला. १९८४ पासून तें खंडपीठ कायमचें झालें. ज्या कलमाखालीं हें घडलें, त्याच कलमाखालीं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरासहि न्यायमूर्ती बसूं लागले आहेत. वांटणीचा दावा बीड, अंबाजोगाई किंवा माजलगांव येथें सुरू होऊन अपिलांत जेव्हां वर जातो, तेव्हां आतां सव्वाशे किलोमीटरांवर त्याची सुनावणी होते. मुंबईच्या मानानें हें अंतर थोडें. पण भावाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बहिणीला तें सव्वाशे किलोमीटर एकटीनें जावयाचें असतें.

आणि बहुतेक बहिणी तेथवर जातच नाहींत. प्रश्न दाव्यापर्यंत येण्यापूर्वींच आरंभीं सांगितलेल्या त्या कागदावर मिटलेला असतो. त्या कागदाचा कायदा थोडक्यांत असा. शंभर रुपयांहून अधिक किंमतीच्या स्थावर मिळकतींतील हक्क सोडावयाचा तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदावा लागतो. गांवकामगार तलाठ्यापुढें दिलेला जबाब, साध्या कागदावरची सही, किंवा पंचांपुढें बोललेला शब्द यानें हक्क जात नाहीं. फेरफाराची नोंद म्हणजे मालकी नव्हे, ती सारा कोणाकडून घ्यावयाचा हें ठरविण्यापुरती असते, असें न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. तेव्हां केवळ सातबाऱ्यावरून नांव गेलें म्हणून बहिणीचा हिस्सा बुडाला, असें समजण्याचें कारण नाहीं. पण एकदां नोंदलेलें हक्कसोडपत्र झालें, कीं गोष्ट फिरली. मग तें फसवून किंवा दडपण आणून घेतलें हें तिनेंच शाबीत करावयाचें, आणि तेंहि ती फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत. वडिलोपार्जित मिळकतींत भावाच्या लाभासाठीं केलेल्या अशा दस्ताला मुद्रांकशुल्कहि नाममात्र आहे. सरकारनें ही सवलत कुटुंबाच्या सोयीसाठीं ठेविली हें उघड आहे. परंतु एखाद्या हक्काची किंमत वाढत जावी, आणि तो सोडून देण्याचा खर्च मात्र अगदीं थोडा राहावा, यांतील विसंगति नजरेआड करतां येत नाहीं.

हक्कसोड नको म्हणणाऱ्या बहिणीसाठीं महसुली दप्तरांत आणखी एक जागा आहे. सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यांत भावांचीं नांवें लागतात, आणि बहिणींचीं नांवें शेजारच्या 'इतर अधिकार' या रकान्यांत बसविलीं जातात. ज्या रकान्यांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहिरीच्या पाण्याची पाळी लिहावयाची, त्यांत घरच्या लेकीची नोंद! सर्वोच्च न्यायालयानें जिला भावाच्या बरोबरीची सहदायाद म्हटलें, तिची जागा तो रकाना नव्हे. वारसाची नोंद होतांना आपलें नांव कब्जेदारांत लागलें कीं नाहीं, एवढें जरी बहिणीनें पाहिलें, तरी पुढील अर्धे दावे टळतील.

भावाची बाजूहि ऐकली पाहिजे. ती केवळ लोभाची आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. बीड हा कमी पावसाचा, बव्हंशीं कोरडवाहू मुलूख. चार-पांच एकरांवर कापूस, बाजरी, सोयाबीन काढावयाची, आणि दोन पिढ्यांच्या वांटण्यांनीं आधींच आकसलेल्या शेताचे आणखी तुकडे करावयाचे, ही कल्पनाच शेतकऱ्याला असह्य वाटते. बहिणीच्या लग्नासाठीं काढलेलें कर्ज त्यानेंच फेडलेलें असतें. आईबाप त्याच्याच दारांत म्हातारे झालेले असतात. या हिशेबांत कांहीं तथ्य आहे. पण त्यांतील एक मेख अशी, कीं लग्नांत दिलेला हुंडा बहिणीला मिळालेला नसतो, तो तिच्या सासरला मिळालेला असतो. आणि हुंडा देणें-घेणें तर १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्यांत खर्च झालेली रक्कम वारसाच्या हिशेबांत वजा करावयाची हें कोणत्या न्यायाचें? शिवाय माहेर तुटेल ही भीति बहिणीच्या मनांत कोणीहि न बोलतां घातलेली असते. भाऊबीजेला ओवाळणी घालणारा हात आणि कागद पुढें करणारा हात एकच असतो. तेथें राजीखुषी कोठें संपते आणि दडपण कोठें सुरू होतें, हें सांगणें न्यायाधीशालाहि अवघड आहे.

याच जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीनंतर लाखों माणसें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. तेथें मजुरीचें माप कोयता हें आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा व बायको मिळून. मुकादमाकडून मिळणारी उचल त्या जोडप्याची. वहींत नांव बहुधा नवऱ्याचें. म्हणजे कारखान्याच्या हिशेबांत बाई निम्मा कोयता तरी आहे. बापाच्या सातबाऱ्यावर ती तेवढीहि नसावी, हें चित्र ज्यांना खटकत नाहीं त्यांना न्यायालयाचे निवाडे वाचून दाखवून उपयोग नाहीं.

वारसाचा फेरफार धरल्यानंतर तलाठ्यानें त्याची नोटीस चावडीवर लावावयाची असते, आणि ज्यांचा त्या जमिनींत संबंध आहे असें त्याला वाटेल त्यांना लेखी कळवावयाचें असतें. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. कोणी हरकत घेतली नाहीं तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ऊसतोडीच्या हंगामांत अशी नोटीस गेवराई, पाटोदा किंवा धारूर तालुक्यांतील एखाद्या गांवच्या चावडीवर लागते, तेव्हां जिच्या हक्काची ती नोटीस असते ती लेक पुष्कळदां दोनतीनशें किलोमीटरांवर, उसाच्या फडांत असते; ती गांवीं परत येते चैत्राच्या सुमारास.